मागची दोन चाकं

"रंगावर जाऊ नका, डॉक्टर. रंग कुणीही मारून देतो," मिस्त्री गाडीखालून म्हणाले.

गुरांच्या डॉक्टरांनी दारावरचे बोट काढून घेतले. चालकाच्या बाजूचे ते दार बाकीच्या गाडीहून किंचित फिकट होते. दुःखाच्या घरात कुणी नवा सदरा घालून यावे, तसे वेगळे पडलेले.

"मग कशावर जाऊ?"

"गाय घेताना शिंगांचा रंग बघता की दात? तसंच आहे. सांगाडा सरळ हवा, तेल गळायला नको, आणि तुमच्या कामाला मागचं लॉक चालू हवं. नाहीतर तिकडे गाय अडलेली आणि इकडे तुम्ही चिखलात अडलेले."

डॉक्टर हसले. गाडी विकणारी मुलगी हसली नाही. घराशेजारच्या शेडच्या पायरीवर ती कागदांची पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. गाडी तिच्या वडिलांची. त्यांना जाऊन आठ महिने झाले होते.

मिस्त्रींनी गाडीचा मागचा भाग जॅकवर उचलला. दोन्ही चाके अधांतरी झाली.

"वळणावर बाहेरचं चाक जास्त धावतं, आतलं कमी," ते डॉक्टरांना समजावू लागले. "दोघांमधलं डिफरन्शियल त्यांना तेवढी मोकळीक देतं. चिखलात तीच मोकळीक नडते. एक चाक जागच्या जागी गरगरतं आणि गाडी हलत नाही. म्हणून लॉक लावायचं. मग दोन्ही चाकं एकाच वेगानं फिरतात. पण पक्का रस्ता आला की लॉक सोडायचं. नाही सोडलं तर गाडी वळायला मागत नाही."

शेवटच्या वाक्याला मुलीने मान वर केली.

डॉक्टर आत जाऊन बसले. गाडी न्यूट्रलमध्ये होती. मिस्त्री सांगतील तसे ते लॉकचे बटण दाबत राहिले. लावा. सोडा. पुन्हा लावा. पुन्हा सोडा. मिस्त्री मागे दर वेळी हाताने चाक फिरवत होते; चाके कशी फिरत होती, ते डॉक्टरांना दिसत नव्हते. शेवटी मिस्त्रींनी चाक सोडले. फडक्याला हात पुसत उभे राहिले.

"काका," मुलगी जवळ आली, "बटण बंद केलं, पण लॉक सुटलंच नाही, असं होतं का कधी?"

"का गं?"

ती जमिनीकडे बघत बोलू लागली. "बाबा त्या दिवशी खाणीवरून येत होते. तिथे नुसता चिखल असतो. पुढे पक्का रस्ता लागला आणि उतारावरच्या वळणाला ही गाडी सरळ खाली गेली, या दारावर आपटली. वीस वर्षं त्या रस्त्यानं येणारा माणूस! बटण बंद होतं, पंचनाम्यात लिहिलंय. सगळे म्हणतात, डुलकी लागली. काका, बाबांना दुपारी अंथरुणातसुद्धा झोप येत नसे."

तिने पिशवीचा बंद बोटाला घट्ट गुंडाळला.

"त्याच दिवशी सकाळी आमचं भांडण झालं होतं. मी म्हटलं, तुम्ही नसता ना, तर मी तरी सुखानं जगले असते. आईलाही हे माहीत नाही. ते उलटून एक शब्द बोलले नाहीत. निघताना दार तेवढं हळूच ओढून घेतलं."

डॉक्टर उगाचच आरशाकडे बघत बसले.

"डॉक्टर, पुन्हा एकदा लॉक लावा," मिस्त्री म्हणाले. आत बारीकसा 'टक्' असा आवाज झाला. "आता थांबा. मी खालून नीट बघतो."

ते टॉर्च घेऊन गाडीखाली सरकले. बराच वेळ त्यांची पावलेच तेवढी बाहेर दिसत होती. ते बाहेर आले तेव्हा कपाळावर ग्रीसचा पट्टा उमटला होता.

"पोरी, आता तूच बटण बंद कर."

तिने खिडकीतून हात घालून ते बंद केले.

"झालं? आता इकडे ये. हे चाक फिरव. लॉक सुटलं असेल तर हे पुढे जाईल आणि पलीकडचं मागे."

तिने दोन्ही हातांनी चाक फिरवले. ते पुढे गेले. वाकून तिने पलीकडे पाहिले. पलीकडचे चाकही पुढेच जात होते. तिने पुन्हा फिरवले, मग पुन्हा एकदा.

"सुटत नाहीये," ती पुटपुटली.

"नाही सुटत."

"म्हणजे बाबांनी स्टिअरिंग फिरवलं असेल?"

"असेल काय? पूर्ण फिरवलं असणार. घरी यायचं होतं ना त्यांना."

ती चाकापाशीच खाली बसली आणि टायरला डोके टेकून रडू लागली. आठ महिने कुठेतरी अडवून धरलेले पाणी एकदम सुटावे, तशी. मिस्त्रींनी हात पुढे केला, पण तो काळा होता, म्हणून मागे घेतला.

थोड्या वेळाने ती उठली. "हे दुरुस्त झाल्याशिवाय मी गाडी देणार नाही, डॉक्टर. तुमच्याही घरी कुणीतरी वाट बघत असेल."

"मी उद्या येऊन करून देतो," मिस्त्री म्हणाले.

फाटकाबाहेर आल्यावर डॉक्टरांनी आवाज खाली आणला. "काय हो मिस्त्री, असली गाडी माझ्या गळ्यात मारता? उद्या मीच जायचो दरीत!"

"बिनधास्त घ्या. लॉक ठणठणीत आहे."

"अहो, आत्ता माझ्या डोळ्यांदेखत..."

"लॉक लावणारी-सोडणारी मोटर असते खाली. लॉक लागल्यावर तिची वायर मीच काढली, म्हणून सुटलं नाही. उद्या जोडीन."

डॉक्टर जागीच थबकले. घरातून मुलीचा आवाज आला, हुंदक्यांनी तुटणारा, तरी मोकळा. "आई, ऐक ना! बाबांनी स्टिअरिंग फिरवलं होतं गं!"

मिस्त्रींनी फाटकाची कडी लावली.

"फिरवलं असतं तर गाडी वळली असती, डॉक्टर."