पोटावरचा हात

शिट्टी झाली आणि खदानीतली माणसं पळत सुटली.

भावना काठावर उभी होती. एका हातात नवऱ्याचा डबा, कडेवर तान्ही अक्षता. लाल झेंडा वर गेला होता. पलीकडच्या कोपऱ्यात, टेकाडाआड, सुरुंगाची वात पेटली होती. शिट्टीनंतर मागं कुणी राहत नाही, हे वात लावणाऱ्यानं गृहीतच धरलेलं. आणि खाली मिथुन मात्र कड्याकडं तोंड करून एकटाच घण घालत होता.

“अवो, पळा की!” भावना ओरडली.

तो वळला नाही.

“काय नाटकं लावले ह्यानं!” शेडमधून मुकादम तातेराव खेकसला. “मरायचंय का रे?” त्यानं पुन्हा शिट्टी फुंकली. घण वर गेला, खाली आला.

आईच्या ओरडण्यानं अक्षतानं भोकाड पसरलं, आणि भावनाला घरातल्या रात्री आठवल्या. रात्री पोरगी अशीच रडायची. बाप ढिम्म हलायचा नाही. “पोटच्या पोरीचं रडणं तुमच्या कानात जात न्हाई का?” असं ती कालच फणकारली होती.

जात नव्हतं. खरंच जात नव्हतं. ड्रिलवाले सगळेच मोठ्यानं बोलतात, म्हणून तिला कधी शंकाच आली नाही. ड्रिल मशीननं दगडाला भोकं पाडून पाडून कान गेलेला हा माणूस रोज दुसऱ्यांना पळताना बघून पळत होता. आज नेमकी त्याची पाठ होती.

खाली उतरायला वेळ नव्हता. तिनं डबा टाकला. हाताला आला तो दगड उचलला आणि जीव खाऊन नवऱ्यावर फेकला. तो चुकला. दुसरा त्याच्या कानामागं बसला.

मिथुन चवताळून वळला. वर बायको दिसली, झेंडा दिसला, रिकामी खदान दिसली. मग तो असा पळाला, की चप्पल मागंच राहिली.

जमीन हादरली. धूळ खाली बसली तेव्हा त्याच्या जागेवर बैलाएवढा धोंडा पडला होता.

शेडमध्ये भावना पदरानं त्याचं रक्त दाबून बसली. तातेराव अंगावर आला, “बहिरा हाय का रे तू?”

“ऊन लागलं त्यायला, मामा,” ती घाईनं म्हणाली. “चक्कर आल्ती.” डोळ्यात दगडाची कपची गेली तेव्हा खदानीतल्याच कडूबाला दुसऱ्याच दिवशी कामावरून काढून घरी बसवलं होतं, ते ती विसरली नव्हती.

तातेराव पुटपुटत गेला. उद्या पुन्हा शिट्टी होणार होती.

तिनं आवाज न काढता नुसते ओठ हलवले, “कधीपासून?”

“पोरगी व्हायच्या आधीपासून.”

म्हणजे लेकीचा आवाज यानं कधी ऐकलाच नव्हता.

अक्षता अजून हुंदके देत होती. मिथुननं तिला मांडीवर घेतलं आणि रोज झोपताना ठेवायचा तसा आपला जड, खरबरीत पंजा तिच्या पोटावर ठेवला. पोरीला ओझं होतं म्हणून भावना रोज, त्याचा डोळा लागला की, तो हात हळूच बाजूला करायची. आत्ताही सवयीनं तिचा हात पुढं गेला.

“राहू दे,” तो म्हणाला. “ती रडली की हाताला कळतं. रात्री तू काढून टाकतीस.”