कुसूरगडचा खांडा

"नवरदेव येणार नाहीत. खांडा येईल," कारभारी म्हणाले.

आप्पासाहेबांच्या गिरगावातल्या दिवाणखान्यात लग्नाच्या याद्या पसरलेल्या होत्या. कुसूरगडचे राजे हेमचंद्र परळच्या बंगल्यात तापानं अंथरुणाला खिळलेले आणि लग्न उद्यावर आलेलं. अशा वेळी राजघराण्यात नवऱ्याऐवजी त्याचा खांडा, म्हणजे तलवार, मांडवात पाठवतात. वधू तिला माळ घालते आणि लग्न लागतं. रीत जुनीच, पण ती आपल्या लेकीच्या वाट्याला यावी हे वकील असलेल्या आप्पासाहेबांना पटेना.

"आठ दिवस थांबू. ताप तरी उतरू द्या."

"उद्यानंतर मुहूर्त नाही," कारभारी जमिनीकडे बघत म्हणाले.

"खांडा चालेल," सुमेधा आतून म्हणाली आणि सरळ बाहेर येऊन बसली. "पण आज मला त्यांना एकदा भेटायचंय."

"लग्नाआधी बरं दिसत नाही, ताईसाहेब."

पुरुषांच्या बैठकीत येऊन बसायची तिची खोड जुनी. या खोडीपायीच राजा फसला होता. गादीवर हक्क सांगणाऱ्या चुलतभावाविरुद्ध, हेरंबरावाविरुद्ध, दावा लावायला तो वर्षापूर्वी या घरी आला, सुमेधेकडून बुद्धिबळाचा एक डाव हरला आणि मग दावा राहिला बाजूला, डावासाठीच येऊ लागला.

"मी पडद्यात बसणार नाही," घोडा पुढे सरकवत तिनं एकदा बजावलं होतं.

"मग पडदे विकून टाकू."

"गडावर मुलींची शाळा?"

"काढू. पण एकदा तरी मला जिंकू द्या."

तिनं जिंकू दिलं नाही. त्यानं त्याच संध्याकाळी मागणी घातली.

कारभारी गेले आणि दुपारी हेरंबराव स्वतःच येऊन टपकला. हेमचंद्र लहान असताना याच्याच हाती कारभार होता, आणि याच्या वाड्यासाठी दगड फोडायला अख्खी गावं वेठीला धरली गेली होती. बाळंतिणीसुद्धा सुटल्या नव्हत्या. हे सुमेधेला हेमचंद्रानंच सांगितलं होतं.

"राणी व्हायची फार घाई दिसते," हेरंबराव म्हणाला. "भावाचं खरं नाही म्हणतात. राणी नाही, मूल नाही. त्याला काही झालं तर गादी माझी."

"उद्यापासून राणी असेल," सुमेधा म्हणाली. "आणि राणीला दत्तक घेता येतो. वकिलाची मुलगी आहे मी."

"इंग्रज सरकारला विचारून?"

"कुणाला विचारायचं ते मी बघेन. तुम्ही चहा घेणार का?"

तो चहा न घेताच गेला. आप्पासाहेबांनी कपाळाला हात लावला.

संध्याकाळी बंगल्यावरून शालू घेऊन धर्माजी आला. हेमचंद्राला अंगाखांद्यावर खेळवलेला हा म्हातारा शिलेदार, उद्या खांडाही तोच धरणार होता. त्याच्या झुपकेदार मिशीची गडावर मुलं नक्कल करायची, असं हेमचंद्र हसून सांगायचा. आज ती मिशी नव्हती.

"मिशी कुठं गेली, धर्माजी?"

"देवीला बोललो होतो जी. सरकारांना उतार पडला की काढीन म्हणून."

"म्हणजे उतार आहे?"

"आहे जी."

"कपाळावर बर्फ ठेवताय ना?"

"ठेवतोय तर. आज दोन गाड्या उतरवला." एवढं बोलून धर्माजी शालूची घडी उगाचच नीट करत राहिला.

सुमेधेनं एकदा त्याच्या ओठावरच्या मोकळ्या जागेकडे पाहिलं आणि शालू त्याच्या हातातून काढून घेतला.

"कारभाऱ्यांना सांग, संध्याकाळचा मुहूर्त नको. सकाळचा काढायला सांग गुरुजींना. आणि हेरंबरावांना आमंत्रण गेलंच पाहिजे."

तो गेल्यावर ती आईच्या कुशीत शिरून हमसून हमसून रडली. सासरी जायच्या वेळी मुली रडतातच, म्हणून आईनं पाठ थोपटली आणि स्वतःही रडून घेतलं.

सकाळी मांडवात पाटावर धर्माजी खांडा धरून उभा राहिला. मुठीला मुंडावळ्या बांधल्या होत्या, वर जरीचा फेटा. बायका पदराआडून कुजबुजत होत्या. अंतरपाट दूर झाला. सुमेधा पुढे झाली. तिनं माळ घातली आणि समोर बसलेल्या हेरंबरावाकडे मान वर करून पाहिलं. कडू तोंड करून का होईना, अक्षता त्यालाही टाकाव्या लागल्या. आलेल्या चार संस्थानिकांच्या देखत लग्न लागलं होतं.

वरात परळकडे निघाली. बग्गीत खांडा सुमेधेच्या मांडीवर होता, समोर कारभारी. लालबाग मागे पडलं तसं त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"राणीसाहेब, बंगला यायच्या आत एक सांगायचंय. माझ्याकडून फार मोठा गुन्हा..."

"डोळे पुसा, कारभारी. हेरंबराव मागच्याच बग्गीत आहेत," खांड्याची माळ सारखी करत सुमेधा म्हणाली. "गडावर पोचलं की दत्तकाचं बघू. आधी तो बर्फ बाजूला करायला सांगा, सरकारांना अग्नी द्यायचाय."