वरचं कार्ड

ऑनलाइन कार-शर्यतीच्या अंतिम फेरीला दहा मिनिटं उरली असताना वृषालीचा कॉम्प्युटर तिसऱ्यांदा तापून बंद पडला.

"पंखे साफ केले, झाकण उघडं ठेवलं. आता काय करू?" ती रडकुंडीला आली.

खेळाचं नाव काढलं की चिडणारे बाबा जवळ आले. एसटीच्या वर्कशॉपमध्ये त्यांनी तीस वर्षं तापलेली इंजिनं हाताळली होती. आतल्या दोन ग्राफिक्स कार्डांमध्ये त्यांनी बोट घालून पाहिलं; ते जेमतेम शिरलं. "फट कुठाय इथं? वरच्याला हवाच मिळत नाही. काढ ते."

"एकावर गेम अडखळेल, बाबा."

"अडखळू दे. बंद तर पडणार नाही!"

तिनं वरचं कार्ड काढलं, स्क्रीनची वायर खालच्याला जोडली. शर्यत सुरू झाली. तापमान सत्तर अंशांवर टिकलं.

बाबांनी शेजारी खुर्ची ओढली. "यातली आपली गाडी कुठली?"