मेन स्विच

भातकुलीच्या लग्नाला निघताना पार्वताबाईंनी सवयीनं मेन स्विचला हात घातला, तसे चंद्रभान ओरडले, "अवं थांब! राउटर बंद पडन!"

"मंग पडू द्या. मांगं घरी कोन हाय इंटरनेट पाहाले?"

"दामिनीनं जाताना त्याच्यात व्हीपीएन बसवलं ना! तिकडं पोलंडात स्टेशनावर, हॉटेलात फुकटच्या वायफायवर चोर टपले असतात. म्हनून पोरगी मोबाइल उघडला का कुलूपबंद वाटेनं आधी आपल्या या डब्यात येते, अन् इथूनच मंग जगात जाते. जगाले वाटते, ते अकोल्यातच हाय."

पार्वताबाईंचा हात जिथल्या तिथं राहिला. दोन वर्षं पोरीचं पाऊल घराला लागलं नव्हतं.

"रोज येते?"

"आताबी आली असन. पाह्य."

डब्यावरचा हिरवा दिवा लुकलुकत होता. पार्वताबाई कितीतरी वेळ बघत राहिल्या. मग त्यांनी पदरानं डब्यावरची धूळ पुसली आणि दार हलकेच ओढून घेतलं.

फाटकापाशी शेजारीण म्हणाली, "दोघंबी चालले? घरी कोनीच नाही मंग?"

"हाय ना," पार्वताबाई म्हणाल्या. "दामिनी हाय."