मुठीचं बटण

शालूबाईनं जुना टेपरेकॉर्डर तळेगावच्या अब्दुलच्या दुकानात टेबलावर ठेवला. "पट्टा सैल पडलाय. आवाज रडका येतोय."

अब्दुलनं तो फिरवून पाहिला. कोपरे ठेचलेले, जाळीत चिखल. "मावशी, किती आपटलाय हा! तरी मशीन ठणठणीत. असं आता कोणी बनवत नाही."

नवा पट्टा बसवून त्यानं बटण दाबलं. आतून एक म्हातारी कडाडली, "मेल्यांनो, पावट्यात शिरता व्हय? हाला हितनं!"

अब्दुल दचकलाच.

"सासूबाई हायेत आमच्या. वानरं हाकलायला आवाज भरून ठेवलाय."

"मग मोबाईलमध्ये घेऊन देतो ना. हे धूड शेतात कशाला वागवता?"

"न्हाई. ह्योच पायजे."

"अहो, पण मोबाईलवर आवाज याच्यापेक्षा मोठा येईल."

शालूबाईनं ते जाडजूड बटण स्वतः दाबून पाहिलं. खट्ट वाजलं, तेव्हा कुठं तिचं समाधान झालं.

"लकव्यानं त्यांची वाचा गेली. बोटं बी वळंनात, मोबाईल हातात ठरत न्हाई. ह्ये बटण मुठीनं हाणलं तरी चालतंय. वानरं दिसली, की अजून त्याच वरडत्यात."