एका सर्व्हरवर दोन बिऱ्हाडं

जावयाच्या कॅशेला पुतण्याने निम्मी मेमरी लावून दिली, अगदी काकांनी सांगितली तेवढीच. मग स्वतःच्या कॅशेची फाइल उघडली, मर्यादेच्या जागी शून्य घातलं आणि फाइल बंद केली. शून्य म्हणजे मर्यादाच नाही. हवं तेवढं खा.

"झालं का रे?" काकांनी आपल्या टेबलावरून विचारलं.

"झालं, काका. दोघांना निम्मं निम्मं."

काकांचा धंदा ऑनलाइन तिकिटांचा. नाटकांची तिकिटं पुतण्या सांभाळायचा आणि खेळांच्या सामन्यांची, नुकताच घरात आलेला जावई. गिऱ्हाईक पैसे भरेपर्यंत त्याने निवडलेली खुर्ची धरून ठेवायची, हे कॅशेचं, म्हणजे सर्व्हरवरच्या तात्पुरत्या नोंदी ठेवणाऱ्या प्रोग्रामचं काम. सगळं मेमरीत, कागदावर काही नाही. कॅशे पडली की धरलेल्या खुर्च्याही गेल्या. दोन कामांना दोन कॅशे हव्यात हे काकांना पटलं होतं, दुसरं मशीन मात्र पटलं नव्हतं. "एका घरात दोन बिऱ्हाडं राहत नाहीत का? दारं वेगळी करून द्या म्हणजे झालं," असं म्हणून त्यांनी विषय मिटवला होता.

बिऱ्हाडाचं पुतण्याला काही वाटत नव्हतं. त्याला खुपत होती ती खुर्ची. काकांच्या शेजारची. इतकी वर्षं ती त्याची होती. आता तिथे जावई बसायचा आणि पुतण्याची रवानगी कोपऱ्यात, एसीचा झोत थेट मानेवर येईल अशा जागी झाली होती. चहा आधी जावयापुढे जायचा. काकांचं प्रत्येक वाक्य 'जावईबापू, तुम्हाला काय वाटतं' इथे येऊन थांबायचं. आणि जावई वाईट वागतो म्हणावं, तर तेही नाही. पुतण्याला त्याचाच जास्त राग यायचा.

आज दोन्ही विक्र्या एकदम उघडणार होत्या. गर्दी झाली की आपली कॅशे फुगेल, जावयाच्या वाट्यावर हातपाय पसरेल आणि मशीन गुदमरलं की नवं बिऱ्हाड रस्त्यावर येईल, असा त्याचा हिशेब. जावयाला कोणी नालायक म्हणावं असं त्याचं म्हणणं नव्हतं. काकांनी एकदा फक्त "नवीन आहे, शिकेल हळूहळू" म्हणावं, आणि तेही सगळ्यांसमोर, एवढंच.

विक्री उघडली. पुतण्या पडद्यावरचे दोन आकडे बघत बसला. जावयाचा आकडा मर्यादेशी येऊन शहाण्यासारखा थांबला. आपला चढतच होता. त्याला फार बरं वाटलं.

"दादा, तुमच्याकडे जोरात आहे आज," जावई मागे येऊन म्हणाला.

"नाटकं आहेत, जावईबापू. लोकांचं प्रेम असतं."

तेवढ्यात चढणारा आकडा पडद्यावरून नाहीसाच झाला.

मेमरी संपली की मशीन जुना कोण, नवा कोण, हे विचारत नाही. सगळ्यात जास्त खाणाऱ्याला धरतं आणि बाहेर काढतं. हे पुतण्याला तोंडपाठ होतं. शून्य घालताना नेमकं आठवलं नव्हतं.

पलीकडे फोन वाजायला लागले. गिऱ्हाइकांचे फोन घेणारी चुलत बहीण रिसीव्हरवर हात ठेवून ओरडली, "दादा, लोक म्हणताहेत पैसे भरता भरता खुर्ची दुसऱ्याला गेली. काय सांगू?"

काका उठून आले. पुतण्याची बोटं कीबोर्डवर नुसतीच फिरत राहिली. शेवटी जावयाने बाजूला उभ्यानेच वाकून नोंदी बघितल्या, मग ती फाइल उघडली. शून्य दिसलं. तो क्षणभर तिथेच थांबला.

"मेमरी कमी पडली, बाबा," जावई सासऱ्यांना म्हणाला. "आत्ता होईल."

मग आवाज खाली आणून त्याने विचारलं, "दादा, इथे किती घालू?"

त्याने ओरडून सगळ्यांना सांगावं, असं पुतण्याला मनापासून वाटलं. हा माणूस थोडा तरी खोटा निघाला असता, तर त्याचा दुस्वास करणं किती सोपं झालं असतं.

"निम्मं," पुतण्या म्हणाला.

कॅशे पुन्हा उभी राहिली, कोरी करकरीत. गेलेल्या खुर्च्या गेल्याच, पण नवीन धरल्या जाऊ लागल्या. फोन हळूहळू कमी झाले. बहीण एकेकाची माफी मागत होती.

काकांनी चष्मा काढून डोळे चोळले. "नाटकांचं आडवं झालं, आणि तुमच्या सामन्यांना काही झालं नाही, जावईबापू?"

"नाही, बाबा," जावई पडद्यावरून नजर न काढता म्हणाला. "दादांनी माझी मर्यादा नीट आखून दिली होती ना."

काकांचा चेहरा उजळला. किती दिवसांनी ते पुतण्याच्या कोपऱ्यात आले होते. त्यांनी कौतुकाने त्याच्या पाठीवर थाप दिली. हलकीच होती, पण पुतण्या टेबलाला धरून उभा राहिला.