डब्यातलं उड्डाण

ऋतुजानं पिशवीतून प्लास्टिकचा डबा काढून आप्पांच्या हातात दिला. आप्पांच्या तोंडाकडं बघायचं मात्र टाळलं.

"उडवलं का गं ह्या आठवड्यात?"

"हाव. दोनदा."

डबा उमाशंकरआप्पांनी स्वतः बनवलेला. लातुरात त्यांचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान. पोरगी नांदेडला विमान शिकायला गेली आणि आप्पांना चैन पडेना. मग त्यांनी जेवणाच्या डब्यातच जीपीएस बसवला, उंची मोजणारा सेन्सर बसवला, विमान कुठं किती कललं हे टिपणारी चिप आणि मेमरी कार्ड. मोठ्या विमानात ब्लॅक बॉक्स असतो ना, तसाच, पण घरगुती. पोरीनं तो विमानात सोबत न्यायचा. रविवारी ती घरी आली, की आप्पा कार्ड कॉम्प्युटरला लावणार आणि सिम्युलेटरमधलं विमान पडद्यावर अगदी तसंच उडणार. तिची माय शिवम्मा गुडघ्यांपायी नांदेडपर्यंत जाऊ शकत नव्हती. तिला लेकीचं उड्डाण घरी बसून दिसावं, म्हणून हा सगळा खटाटोप.

गोची एवढीच, की ऋतुजा गेल्या पावसाळ्यापासून विमानात बसलीच नव्हती.

कानाच्या तपासणीत ती नापास झाली. आता कधीच जमायचं नाही, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं. तिनं घरी फोन लावला, तर मायच आधी बोलून गेली, "काल तू एकटीनं उडवलंस म्हणून आप्पांनी अख्ख्या गल्लीत पेढे वाटले गं." ऋतुजानं मग तपासणीचं सांगितलंच नाही.

आता ती नांदेडातच एका कोचिंग क्लासच्या ऑफिसात बसून पालकांचे फोन घ्यायची. तिच्या खोलीत राहणारी पुनम अजून विमान शिकत होती. डबा दर आठवड्याला पुनमकडं जायचा. उडणार पुनम, बघणार आप्पा, आणि कौतुक ऋतुजाचं. तिला स्वतःची किळस यायची. पण हे कळलं तर म्हातारी दोघं खचतील, पुन्हा उभी राहायची नाहीत, याची तिला खात्री होती.

"चहा घे तवर. फाइल बदलायला येळ लागतो," म्हणत आप्पा आतल्या खोलीत गेले.

ते परतले तेव्हा मायनं बाहेरच्या टीव्हीच्या पडद्याला विभूती लावली. दर रविवारी लावायची. विमान नांदेडच्या धावपट्टीवरून सुटलं, गोदावरीवरून वळलं, पुन्हा धावपट्टीवर येऊन अलगद टेकलं.

"वरून नदी किती बारीक दिसती," माय म्हणाली. "भ्या न्हाई वाटत तुला?"

"सवय झाली, माय."

पोरीच्या डोक्यावरून हात फिरवून आप्पांनी डब्याची बॅटरी चार्जिंगला लावली.

संध्याकाळी स्टँडवर, नांदेडच्या गाडीत बसल्या बसल्या ऋतुजानं पुनमला फोन केला.

"पुनम, लई उपकार आहेत तुझे. आजचं लँडिंग बघून माय हरखून गेली."

पुनम म्हणाली, "कोणतं लँडिंग?"

"ह्याच आठवड्यातलं. डब्यातलं."

"ऋतू, रागावू नको. दिवाळीपासून नवे सर बाहेरचं काहीच विमानात नेऊ देत न्हाईत. डबा माझ्या कपाटातच पडून राहतो, बंद."

"मग कार्डावर काय असतं?"

"काहीच न्हाई. कोरं असतं. तू दर सोमवारी सांगायचीस, आप्पा खूश झाले म्हणून. मला वाटलं, जुनंच लावून बघत असतील. तुझं मन मोडवेना, म्हणून बोलले न्हाई."

कंडक्टरनं घंटी दिली, तशी ऋतुजा पिशवी घेऊन खाली उतरली. रिक्षात बसल्यावर तिनं मनाशी ठरवलं, बस झालं हे नाटक. आज घरी जाऊन सगळं सांगून टाकायचं, मग काय व्हायचं ते होवो.

घराचं दार नुसतंच लोटलेलं होतं. तिनं चप्पल काढली आणि दार हलकेच ढकललं.

आतल्या खोलीत दोघं तिच्याकडं पाठ करून बसली होती. कॉम्प्युटरच्या पडद्यावर नांदेडची धावपट्टी होती आणि कोपऱ्यात रेकॉर्डिंगचा लाल ठिपका लुकलुकत होता. आप्पांच्या हातात जॉयस्टिक होती. विमान वळण घेऊन खाली यायला लागलं.

"आवो, ह्या खेपेला जरा आदळू द्या," माय म्हणाली. "दर वेळी इतकं नीट उतरवलं, तर पोरीला संशय यायचा."